हळदीत वाजेल असं गिटारवरचं गाणं : खान्देशातल्या नवख्यांसाठी

जळगाव, धुळे, नंदुरबार, कुठेही जा, गल्लीत एक तरी पोरगं स्वतःचं गाणं काढण्याच्या नादात असतं. बहुतेक गाण्यांचा साचा ठरलेला: कीबोर्डचा शहनाई टोन, ऑक्टोपॅडचा ठेका आणि आवाजावर जाड ऑटोट्यून. या साच्याला मी नावं ठेवणार नाही, अर्धा खान्देश त्यावर नाचतो. पण ज्याच्या हातात गिटार आहे, आवाज बरा आहे आणि नाचायचं गाणंच करायचं आहे, त्याच्यासाठी दुसरी वाट आहे. खरी गिटार, कमीत कमी नटवलेला आवाज आणि खाली सरळ चालणारा किक, म्हणजे ड्रमचा जाड धप्प ठोका. अकूस्टिक बाजाचं डान्स-पॉप म्हणतात ते हेच.

माझं मत आधीच सांगून टाकतो. आपल्या भागात गाणं चाललं की नाही हे व्ह्यूजवरून कळत नाही. बँडवाल्याने ते बसवलं का, यावरून कळतं. म्हणून पुढे जे सांगतोय त्यात बँडमास्तर सारखा मध्ये मध्ये येणार आहे.

गाणं आधी, लॅपटॉप नंतर

लॅपटॉप उघडून लूप शोधत बसू नका. ओट्यावर बसा, गिटार घ्या, एकाला टाळी धरायला सांगा. तेवढ्यावर मुखडा उभा राहत नसेल तर मागे कितीही किक ठोकला तरी तो उभा राहणार नाही. चार कॉर्ड पुष्कळ झाले. मुखडा पहिल्या अर्ध्या मिनिटात यायला हवा आणि पूर्ण गाणं तीन मिनिटांच्या आसपास संपायला हवं. लांब आलाप, बोललेली प्रस्तावना, मित्रांची नावं घेणं हे सगळं व्हिडिओच्या वर्णनात टाका.

अहिराणीत लिहीत असाल तर तुमच्या हातात एक आयती सोय आहे. ‘ऊना’, ‘गया’, ‘व्हयना’, ‘वावरमा’ असे शेवट ‘आ’वर उघडतात आणि ते ताणून गाता येतात. ‘वावरमा ऊना वारा, मन्हा जीव व्हयना बावरा’ अशी साधी ओळ घ्या. प्रत्येक तुकड्याच्या शेवटी गर्दीला ओरडायला जागा मिळते. हीच ओळ प्रमाण मराठीत केलीत तर ‘शेतात’, ‘मनात’ अशा शेवटांवर तोंड लवकर मिटतं. अमळनेर-धुळ्याकडची अहिराणी, जळगावकडची तावडी आणि यावल-रावेरची लेवा गणबोली यांची खिचडी मात्र एकाच गाण्यात करू नका. ऐकणाऱ्याला ती लगेच कळते आणि कमेंटमध्ये गाण्याचं राहून भाषेचंच भांडण सुरू होतं. आपल्या आजीची बोली धरा. तिच्यासमोर ओळ म्हणून बघा. ती हसली तर का हसली ते विचारा.

चारात की सहात

डान्स-पॉपचा किक दर मात्रेला पडतो, चाराच्या चक्रात. वेग साधारण मिनिटाला 118 ते 126 ठोके. आपल्याकडचे नाचायचे अनेक ठेके मात्र सहाच्या घाटातले, म्हणजे दादऱ्याच्या चालीचे असतात. इथे बरेच जण अडकतात. चाराच्या किकवर सहाचा ढोल टाकला की दोन्ही एकमेकांच्या पायात येतात आणि मग ढोल काढून टाकला जातो.

ढोल काढायची गरज नसते. किकचा प्रत्येक ठोका दोनात किंवा चारात न तोडता तीनात तोडा. मग दोन किक मिळून सहा मात्रा बरोब्बर बसतात. किक सरळ राहतो, वर गिटारचा स्ट्रोक आणि ढोल हेलकावत चालतात. सॉफ्टवेअरमध्ये ग्रिड ‘ट्रिप्लेट’वर ठेवा आणि गिटारसुद्धा त्याच झोक्यात वाजवा. सरळ सोळाव्या स्ट्रोकने (एका ठोक्याचे चार तुकडे करून) वाजवलेली गिटार आणि झोक्यातला ढोल एकत्र आले की गाणं लंगडतं. नाचणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण त्याचे पाय थांबतात.

पट्टी ठरवताना बँड आठवा

हा मुद्दा कुणी सांगत नाही, म्हणून इथे जरा थांबतो. गिटारवाल्याला ई, ए, डी या पट्ट्या आवडतात, कारण उघड्या तारा वाजतात. बँडमधला ट्रम्पेट आणि क्लॅरिनेट बहुधा बी-फ्लॅटचा असतो. म्हणजे त्याने सी वाजवला की ऐकू बी-फ्लॅट येतो, आपल्या पेटीवरची काळी पाच. तुमचं गाणं ई मेजरमध्ये असेल तर त्या बिचाऱ्याला एफ-शार्पमध्ये वाजवावं लागतं, सहा शार्प सांभाळत, उन्हात, चालत, गळ्यात वजन घेऊन. तो ते करणार नाही. एक तर गाणं दुसऱ्या पट्टीत नेईल, नाहीतर सोडून देईल.

उपाय फार सोपा आहे. तिसऱ्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावा आणि जी मेजरचे आकार वाजवा. गिटारच्या उघड्या तारांची चमक तशीच राहते आणि पट्टी येते बी-फ्लॅट. बँडवाल्यासाठी ती सर्वांत सोपी. आवाजाला ती झेपत नसेल तर तिसऱ्याच फ्रेटवर डीचे आकार घ्या, एफ मिळेल, म्हणजे पांढरी चार. पहिल्या फ्रेटवर डीचे आकार घेतले तर ई-फ्लॅट, काळी दोन. या तिन्हींपैकी एक तरी गायकाला बसतेच. बेंजोवाल्याची तार कुठे लावलेली असते ते बँडगणिक बदलतं, ते प्रत्यक्ष विचारून घ्या. आणि चाल सव्वा सप्तकाच्या आत ठेवा. वरातीत गाणाऱ्या मावशीला तुमचा वरचा सा लागत नाही.

पावरी घ्यायची इच्छा असेल तर सगळा हिशोब उलटा करा. साताऱ्या-पुण्याच्या स्टुडिओत सहसा न दिसणारं हे वाद्य सातपुड्यात आणि साक्रीच्या पश्चिम पट्ट्यात आजही जिवंत आहे. दुधी भोपळा आणि बांबूचं हे वाद्य हाताने बनतं आणि त्याचा सूर बनवतानाच पक्का होतो. तो वर-खाली करता येत नाही. म्हणून आधी वादकाकडे जा, त्याच्या पावरीचा सूर मोबाइलच्या ट्यूनरवर बघा आणि कॅपो त्याप्रमाणे लावा. रेकॉर्ड झालेली पावरी नंतर सॉफ्टवेअरने ओढून पट्टीत आणली तर तिच्यातली हवा निघून जाते. शिवाय डोंगऱ्या देवाच्या उत्सवात पावरीला देवाचा मान आहे. कोणत्या धून हळदीच्या गाण्यात चालतील आणि कोणत्या नाहीत हे वादकालाच ठरवू द्या. त्याचे पैसे त्याच दिवशी द्या आणि नाव गाण्याच्या श्रेयात टाका, ‘लोकवाद्य’ एवढंच लिहून मोकळे होऊ नका.

घरातलं रेकॉर्डिंग

स्टुडिओला पैसे असतील तर फक्त गाणाऱ्याच्या आवाजासाठी खर्च करा. गिटार घरी होते. कंडेन्सर माइक, 48 व्होल्टची फँटम पॉवर देणारा ऑडिओ इंटरफेस, बंद हेडफोन आणि लॅपटॉप एवढं पुरतं.

जागा कोणती? गावात कुणाचं जुनं धाब्याचं घर असेल तर डोळे झाकून तेच घ्या. मातीच्या जाड भिंती, वर लाकूड आणि मातीचा थर, बाहेरचा आवाज आत येत नाही आणि आतला घुमत नाही. पत्र्याच्या घरात दुपारी पत्रा तापून कडकड वाजतो. स्लॅबच्या नव्या खोलीत आवाज घुमतो. तिथे कापसाच्या गाद्या उभ्या करून तीन बाजू झाका, मागे गोधड्या टांगा. कापूस आपल्याकडे कमी नाही. भुसावळसारख्या ठिकाणी रुळाजवळ राहत असाल तर गाड्यांचं वेळापत्रक बघूनच माइक लावा, हे गमतीने म्हणत नाहीये.

उन्हाळ्यात पारा 44-45 वर गेला की कूलर आणि पंखा बंद करून कुणी दहा मिनिटं गाऊ शकत नाही. पहाटे चारनंतरचा वेळ धरा. गिटार कूलरच्या झोतातून उचलून थेट तापलेल्या खोलीत नेली की सूर उतरतो. अर्धा तास आधी तिथेच ठेवा आणि दर टेकआधी ट्यून करा. वीज गेली आणि इन्व्हर्टर चालू झाला की रेकॉर्डिंगमध्ये एक बारीक घरघर येते. ती नंतर काढता काढता गिटारही खराब होते. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवा, घरघर बहुतेक जाते.

आता माइक. नवखा माणूस तो गिटारच्या भोकासमोर धरतो, कारण आवाज तिथून येतो असं वाटतं. तिथे फक्त बुमबुम मिळते. माइक बाराव्या फ्रेटकडे, वीत-सव्वा वीत अंतरावर ठेवा आणि थोडा बॉडीकडे वळवा. तारा आदल्या दिवशी बदला, त्याच दिवशी बदललेल्या तारा सूर सोडत राहतात. पिक पातळ घ्या, म्हणजे स्ट्रोकची खरखर वर येते. या प्रकारच्या गाण्यात गिटार म्हणजे अर्धा शेकर असते. क्लिकवर, म्हणजे हेडफोनमधल्या टिकटिकीवर, एकच भाग दोनदा वेगवेगळा वाजवा. एक टेक पूर्ण डावीकडे, दुसरा पूर्ण उजवीकडे. एकच टेक कॉपी करून दोन्हीकडे टाकला तर आवाज रुंद होत नाही, फक्त मोठा होतो.

आवाज घेताना माइकपासून वीतभर दूर, मध्ये पॉप फिल्टर. ऑटोट्यून लावा, पण हलका. ऐकणाऱ्याला श्वास ऐकू यायला हवा, नाहीतर ‘अकूस्टिक’ म्हणण्यात अर्थ नाही.

किक आणि गिटार यांचं भांडण

गिटारच्या खालच्या सुरांची जागा आणि किकची जागा एकमेकांना लागून असते, मिक्समध्ये चिखल होतो तो तिथेच. गिटारवर हाय-पास फिल्टर लावा, 100 हर्ट्झच्या खालचं सगळं कापा, गरज पडली तर 150 पर्यंत जा. एकटी ऐकली तर गिटार बारीक वाटेल, वाटू द्या. मग साइडचेन कॉम्प्रेशन: किक पडला की गिटार आणि बेस क्षणभर दबतात आणि लगेच वर येतात. त्या दबण्या-उठण्यातूनच नाचायची ओढ तयार होते. इथे मात्रा जपून वापरा, फार केलं तर गिटार धाप लागल्यासारखी वाजते.

मांडणी साधी ठेवा. सुरुवातीला चार बार (एक बार म्हणजे चार ठोक्यांचं एक चक्र) नुसती गिटार. अंतऱ्यात टाळी आणि हलका शेकर. मुखड्याआधी दोन बार सगळं थांबवून फक्त आवाज. मग मुखड्याला किक, बेस, ढोल एकदम. दुसऱ्या मुखड्यानंतर शब्द काढा आणि तीच चाल बेंजोवर किंवा ट्रम्पेटवर वाजवा. हा तुकडा बँडवाल्यासाठी आहे. तो ऐकून त्याला कळतं की हे आपल्याला वाजवता येईल.

मिक्स कानाला बरं वाटलं की बाहेर न्या. हळदीतल्या बऱ्याच डीजे सेटअपमध्ये आवाज मोनो जातो, म्हणजे डावं-उजवं एकत्र होऊन. म्हणून लॅपटॉपवर मोनोचं बटण दाबून ऐका. गिटार गायब झाली तर रुंद करणारे इफेक्ट काढा. बेस आणि किक मुळातच मध्यभागी हवेत. मोबाइलच्या स्पीकरवर ऐका, आणि कुणाचा ट्रॅक्टर चालू असताना त्याच्या टेपवर ऐका. तिथे शब्द कळले तर मिक्स झालं. मास्टरिंगमध्ये आवाज चेपून चेपून मोठा करण्यात फायदा नाही. स्पॉटिफायसारखी अॅप्स सगळी गाणी साधारण उणे 14 एलयूएफएसच्या (आवाज किती मोठा ऐकू येतो ते मोजायचं एकक) पातळीवर आणतात, मग तुमचं चेपलेलं गाणं तेवढंच ऐकू येतं आणि वर सपाट वाटतं. डीजेसाठी थोडी जोरकस दुसरी फाइल वेगळी काढा.

कागद

मित्र-मित्र आहोत, कागद कशाला, असं म्हणणाऱ्यांचीच गाणी नंतर यूट्यूबवरून खाली उतरतात. शब्द कुणाचे, चाल कुणाची, रेकॉर्डिंगचे पैसे कुणी दिले, हे एका पानावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. एखादा चॅनलवाला गाणं ‘विकत’ मागत असेल तर मुदत आणि प्रदेश लिहिल्याशिवाय सही करू नका. मुदत लिहिलीच नसेल तर कॉपीराइट कायद्याप्रमाणे ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश नसेल तर भारत. आणि 2012च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराला आपला रॉयल्टीतला समान वाटा वारसदार किंवा कॉपीराइट सोसायटी सोडून कुणाला लिहून देता येत नाही, चॅनलवाला काहीही म्हणो. गीतकार-संगीतकारांची सोसायटी म्हणजे आयपीआरएस, 1969 पासूनची. तिथे सभासद व्हा.

कानबाईची, आखाजीची पारंपरिक चाल कुणा एकाची नाही, ती घेता येते. कुणीतरी रेकॉर्ड केलेली त्याच चालीची मांडणी मात्र त्याची असते. त्यातला तुकडा कापून वापरू नका. इंटरनेटवरच्या फुकट लूपचंही तसंच. तोच लूप आधी कुणीतरी वापरून स्वतःच्या नावाने नोंदवलेला असतो आणि तुमच्या गाण्यावर दावा येतो. टाळी, ढोल, शेकर स्वतः वाजवून रेकॉर्ड करा, कटकटच नको.

कधी आणि कसं सोडायचं

लग्नाचं गाणं मे महिन्यात सोडणं म्हणजे वरात गेल्यावर मांडव घालणं. तुळशीच्या लग्नानंतर हंगाम सुरू होतो आणि बँडवाले त्याआधी नवी गाणी बसवतात. दसरा ते दिवाळी हा काळ धरा. तो हुकला तर संक्रांतीनंतर लगेच, म्हणजे आखाजीच्या दाट तिथींपर्यंत गाणं लोकांच्या तोंडी येतं. कानबाईसाठी गाणं असेल तर नागपंचमीनंतरच्या रविवारी ती बसते, त्याच्या किमान महिनाभर आधी.

डिस्ट्रिब्युटरला (गाणं अॅप्सवर पोचवणारी कंपनी) 24 बिटची वेव्ह फाइल आणि 3000 बाय 3000 पिक्सेलचं चौकोनी कव्हर द्या. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं पाठवायचं तर प्रकाशनाच्या किमान सात दिवस आधी, म्हणजे डिस्ट्रिब्युटरकडे तीन-चार आठवडे आधीच गेलेलं बरं. नाव देवनागरीत द्या, आणि रोमन लिपीत लोक ज्या दोन-तीन प्रकारे टाइप करतील ते वर्णनात लिहा. पैशाची अपेक्षा आटोक्यात ठेवा. स्पॉटिफायवर बारा महिन्यांत 1,000 वेळा ऐकलं गेल्याशिवाय रेकॉर्डिंगचे पैसे सुरूच होत नाहीत. यूट्यूबच्या जाहिरातींसाठी 1,000 सबस्क्रायबर लागतातच, आणि त्यांच्या जोडीला वर्षभरात 4,000 तास बघितलं जाणं किंवा 90 दिवसांत शॉर्ट्सचे 1 कोटी व्ह्यूज.

व्हिडिओवर सगळं बजेट उडवू नका. रावेरकडची केळीची बाग, तोरणमाळचा तलाव, मेहरूणचा काठ, लळिंगचा किल्ला हे सगळं फुकटात देखणं आहे. बागेत मालकाला विचारून जा, घड लागलेल्या बागेत नाचू नका. ड्रोन उडवायचा तर सरकारच्या डिजिटल स्काय नकाशावर तिथे परवानगी आहे का ते बघा. जळगावला विमानतळ आहे हे शहरातलेच लोक विसरतात.

बँडमास्तरकडे जायचं

गाणं निघालं की लिंक पाठवून थांबू नका. आपल्या तालुक्यातल्या चार-पाच बँडच्या मास्तरांना प्रत्यक्ष भेटा. बरोबर तीन गोष्टी हव्यात: शब्दांशिवायचा ट्रॅक, मुखड्याचं सारेगममध्ये लिहिलेलं नोटेशन आणि पट्टी. ‘काळी पाच आहे, मास्तर’ एवढं ऐकलं की चेहरा बदलतो. ते चालीत बदल करतील. करू द्या. त्यांनी मुखड्याची एखादी जागा सोपी केली तर ती जागा मुळातच अवघड होती असं समजा.

बँड वरातीत तुमचं गाणं वाजवेल त्याचे पैसे मागता येत नाहीत. लग्नसोहळा आणि वरातीला कायद्यातच सूट आहे. बँडने स्वतःच्या चॅनलवर आपला व्हिडिओ टाकला तर स्ट्राइक (यूट्यूबकडे कॉपीराइटची तक्रार) देऊ नका. फोन करून वर्णनात तुमचं नाव आणि मूळ गाण्याची लिंक टाकायला सांगा. एका स्ट्राइकची बातमी सगळ्या बँडमध्ये पोचते आणि पुढचं गाणं कुणी बसवत नाही. रात्री दहानंतर लाउडस्पीकरला बंदी असल्यामुळे हळदीतला डीजे शेवटच्या तासात फक्त खात्रीची गाणी लावतो. नव्या गाण्याला जागा मिळते ती संध्याकाळी, मांडवात बायका-पोरं जमत असताना, आणि त्या वेळेला गिटारचं गाणं शोभतंही.

लोक काय म्हणतील

पहिल्या आठवड्यात दोन प्रकारच्या कमेंट येतील. ‘एकच नंबर भाऊ’ आणि ‘हे काय, ना धड भजन ना धड डीजे’. दुसरीने खचायचं कारण नाही. स्वीडनच्या अविचीने मार्च 2013मध्ये मायामीच्या अल्ट्रा फेस्टिव्हलमध्ये बँजो-गिटार वाजवणारे कलाकार मंचावर आणून ‘वेक मी अप’ पहिल्यांदा ऐकवलं तेव्हा जमलेले लोक गोंधळले होते, अनेकांनी नाकं मुरडली. जूनमध्ये तेच गाणं सिंगल म्हणून आलं आणि कित्येक देशांत पहिल्या क्रमांकावर गेलं. नाचायला आलेल्या माणसाला गिटार दिसली की तो आधी बिचकतो. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी ऐकताना काय होतं ते बघायचं.

म्हणून कमेंटपेक्षा आकडे वाचा, आणि तेही एकूण व्ह्यूज नकोत. लोक कोणत्या सेकंदाला सोडून जातात ते यूट्यूब स्टुडिओत दिसतं. किक यायच्या आधीच उतार असेल तर सुरुवात लांबली आहे, पुढच्या गाण्यात कापा. कुठलं शहर ऐकतंय तेही बघा. सुरत वर आलं तर नवल वाटून घेऊ नका. उधना, लिंबायत भागात आपली माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहतात, लग्नंही तिथेच लागतात. मग तिथल्या एखाद्या खान्देशी बँडचा नंबर मिळवा आणि नोटेशनचा तोच कागद त्यालाही पाठवा.